जपानी व्याकरण

जपानी व्याकरण (जपानी: निहोंगो नो बुंपोऽ) म्हणजे जपानी भाषेतील शब्दांची रूपे, त्यांचे परस्परसंबंध आणि वाक्यरचना यांविषयीचे नियम होत. प्रस्तुत लेखात आधुनिक प्रमाण जपानीच्या व्याकरणाची मूलतत्त्वे दिली असून आवश्यक तेथे मराठीशी तुलना केली आहे. वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद, नामानंतर जोडली जाणारी संबंधदर्शक अव्यये आणि धातूला एकापुढे एक लागणारे प्रत्यय ही या भाषेची ठळक लक्षणे आहेत. जपानी नामांना लिंग नसते आणि बहुतेक वेळा वचनही दाखवले जात नाही. क्रियापद कर्त्याच्या लिंग, वचन व पुरुषाप्रमाणे बदलत नाही. मात्र बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलायचे ती व्यक्ती यांच्यातील नाते क्रियापदातून व्यक्त करावे लागते. वाक्याचा सांगाडा मराठीशी पुष्कळ जुळत असल्याने मराठी भाषकाला आरंभीचे धडे सोपे जातात; खरी अडचण या नात्याच्या व्याकरणाशी येते.

उच्चार आणि लिप्यंतर

जपानीत आ, इ, उ, ए, ओ असे पाच स्वर आहेत. या लेखात जपानी शब्द देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व 'आ' साठी काना (ा) वापरला असून दीर्घ उच्चारासाठी अवग्रहचिन्ह (ऽ) दिले आहे. दीर्घ 'इ' व 'उ' मात्र 'ई', 'ऊ' असे लिहिले आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अर्थ बदलणारा असतो. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, तर 'ओबाऽसान' म्हणजे आजी. द्वित्त व्यंजनांचेही तसेच आहे: 'किते' म्हणजे 'येऊन', तर 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. 'देसु', 'मासु' यांसारख्या शब्दांच्या अखेरचा 'उ' प्रमाण उच्चारात जवळजवळ ऐकू येत नाही.

जपानी लेखनात हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला व कांजी ही चिनी मूळ असलेली चिन्हे एकत्र वापरली जातात. साधारणपणे नामे व धातूंचा मूळ भाग कांजीत, तर प्रत्यय व अव्यये हिरागानात लिहितात. काताकाना मुख्यतः परकीय शब्दांसाठी असते. नित्य वापराच्या कांजींची अधिकृत यादी २०१० मध्ये सुधारण्यात आली. तीत २,१३६ चिन्हे आहेत. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत नसल्याने शब्द कोठे संपला हे वाचकाला कांजी आणि हिरागाना यांच्या आलटून-पालटून येण्यावरून कळते.

हिरागाना व काताकाना यांचा प्रचलित क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. बौद्ध धर्माबरोबर जपानमध्ये पोहोचलेल्या सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाशी या क्रमाचा संबंध जोडला जातो. आजचा 'ह' हा प्राचीन काळी 'प' सारखा उच्चारला जाई, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ते ध्यानात घेतले की 'त, न, प, म, य, र, व' हा देवनागरीच्या वाचकाला परिचित असलेला क्रम स्पष्ट दिसतो.

वाक्यरचना

जपानी वाक्यात सामान्यतः कर्ता, कर्म आणि क्रियापद असा क्रम असतो. विशेषण नामाच्या आधी आणि क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी येते.

केन गा हानाको नि होन ओ आगेता.
केनने हानाकोला पुस्तक दिले.

वरील दोन वाक्यांत प्रत्येक शब्दाची जागा सारखीच आहे. 'गा', 'नि' व 'ओ' ही अव्यये नामांचे वाक्यातील कार्य सांगतात, त्यामुळे क्रियापद शेवटी ठेवून इतर पदांचा क्रम बदलला तरी मूळ अर्थ कायम राहतो. फरक एवढाच की मराठीत भूतकाळी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते (पुस्तक दिले, वही दिली, आंबा दिला), तर जपानीत 'आगेता' हे एकच रूप सर्वत्र चालते. मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते (घोडा–घोड्याला). जपानी नामात असा कोणताही बदल होत नाही.

प्रश्नार्थक वाक्यासाठी शब्दक्रम बदलावा लागत नाही. अखेरीस 'का' जोडला की प्रश्न तयार होतो. 'इकिमासु' म्हणजे 'जातो' आणि 'इकिमासु का' म्हणजे 'जाता का?'. मराठीतील 'का' शी असलेले हे साम्य केवळ योगायोगाचे आहे.

संबंधदर्शक अव्यये

नामाला जोडून येणाऱ्या अव्ययांना जपानीत 'जोशि' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'साहाय्य करणारा शब्द' असा आहे. मराठीतील विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांचे कार्य जोशि करतात. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे:

• गा – कर्ता दर्शवतो.
• ओ – कर्म दर्शवतो. 'होन ओ योमु' (पुस्तक वाचणे).
• नि – ज्याला दिले ती व्यक्ती, पोहोचण्याचे किंवा असण्याचे ठिकाण, आणि वेळ.
• दे – क्रिया घडण्याचे ठिकाण किंवा साधन. 'बासु दे इकु' (बसने जाणे).
• ए – दिशा.
• कारा, मादे – 'पासून' आणि 'पर्यंत'.
• नो – षष्ठीचा संबंध. 'हानाको नो होन' (हानाकोचे पुस्तक).
• तो – 'बरोबर' किंवा दोन नामांमधील 'आणि'.
• मो – 'ही', 'सुद्धा'.
• योरि – तुलनेतील 'पेक्षा'.

मराठीतील 'चा, ची, चे' प्रमाणे 'नो' चे रूप पुढील नामाच्या लिंगानुसार बदलत नाही. 'नि' आणि 'दे' यांतील भेद मात्र मराठी भाषकाला लक्षपूर्वक आत्मसात करावा लागतो, कारण मराठीत दोहोंसाठी 'त' हा एकच प्रत्यय चालतो. 'टोकियोत राहतो' यासाठी 'तोऽक्योऽ नि सुंदे इरु', पण 'टोकियोत काम करतो' यासाठी 'तोऽक्योऽ दे हाताराकु' असे म्हणतात. पहिल्या वाक्यात केवळ असणे आहे, दुसऱ्यात क्रिया घडते आहे.

'वा' आणि 'गा'

वाक्य कशाविषयी आहे हे दाखवणारा 'वा' (लेखनात 'हा', उच्चारात 'वा') हा जपानी व्याकरणातील सर्वाधिक चर्चिलेला जोशि होय. तो कर्त्याचा प्रत्यय नाही, तर विषयाचा निर्देशक आहे. 'वा' लावलेल्या पदाचा अर्थ मराठीत 'म्हणाल तर', 'विषयी सांगायचे तर' अशा शब्दांनी स्थूलपणे सांगता येतो.

निवा नि नेको गा इमासु. नेको वा शिरोइ देसु.
बागेत एक मांजर आहे. ते मांजर पांढरे आहे.

मांजराचा उल्लेख प्रथमच होतो तेव्हा 'गा' येतो. ते ऐकणाऱ्याला ठाऊक झाल्यानंतर त्याच्याविषयी काही सांगताना 'वा' येतो. मराठीत हे कार्य अनुक्रमे 'एक' आणि 'ते' या शब्दांनी झाले आहे. 'कोण', 'काय' यांसारख्या प्रश्नार्थक सर्वनामांना कर्तृस्थानी 'वा' लागत नाही, कारण जे अज्ञात आहे ते विषय होऊ शकत नाही. 'दारे गा किमाशिता का' (कोण आले?) या प्रश्नाचे उत्तरही 'तानाकासान गा किमाशिता' (तानाका आले) असे 'गा' नेच दिले जाते.

एकाच वाक्यात 'वा' आणि 'गा' दोन्ही येऊ शकतात. 'झोऽ वा हाना गा नागाइ' म्हणजे 'हत्ती म्हणाल तर नाक लांब'. येथे लांब आहे ते नाक; हत्ती हा केवळ विषय आहे. 'बोकु वा उनागि दा' हे दुसरे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'मी वाम मासा आहे' असा वाटतो; पण उपाहारगृहात पदार्थ मागवताना त्याचा अर्थ 'माझ्यासाठी वाम' असा होतो. 'वा' म्हणजे कर्ता असे समजून चालणाऱ्या विद्यार्थ्याला अशी वाक्ये विपरीत वाटतात. 'वा' म्हणजे विषय असे समजले की ती उलगडतात.

अनुभव, आवड, समज व आप्तसंबंध दाखवणाऱ्या रचना मराठीला विशेष जवळच्या आहेत. 'वाताशि वा नेको गा सुकि देसु' (मला मांजर आवडते) आणि 'वाताशि वा निहोंगो गा वाकारिमासु' (मला जपानी कळते) यांत आवडणारी किंवा कळणारी वस्तू मराठीप्रमाणेच कर्म म्हणून येत नाही. 'वाताशि नि वा आनि गा फुतारि इमासु' (मला दोन थोरले भाऊ आहेत) या वाक्यातील 'नि' हा तर मराठी 'ला' चेच काम करतो.

क्रियापदे

जपानीत क्रियापदाचे मुख्यतः दोन काळ मानले जातात: भूत आणि भूतेतर. 'इकु' या रूपाचा अर्थ संदर्भानुसार 'जातो' किंवा 'जाईल' असा होतो. भविष्यकाळासाठी निराळे रूप नाही. 'मी जातो', 'मी जाते', 'तू जातोस', 'आम्ही जातो', 'त्या जातात' या सर्वांसाठी 'इकु' हे एकच रूप पुरते.

क्रियापदांचे दोन प्रमुख गण आहेत. पहिल्या गणातील धातूचे अंत्य व्यंजन पाचही स्वर घेते. 'योमु' (वाचणे) या क्रियापदाची रूपे पाहता मकाराच्या बाराखडीतील पाच अक्षरे क्रमाने येतात:

• योमा-नाइ – वाचत नाही
• योमि-मासु – वाचतो (विनयपूर्वक)
• योमु – वाचतो, वाचणे (कोशात दिले जाणारे रूप)
• योमे-बा – वाचले तर
• योमोऽ – वाचू या

दुसऱ्या गणातील क्रियापदांत धातू अविकृत राहतो आणि त्यास प्रत्यय लागतात: 'ताबे-नाइ' (खात नाही), 'ताबे-मासु', 'ताबे-रु', 'ताबे-रेबा', 'ताबे-योऽ'. 'सुरु' (करणे) आणि 'कुरु' (येणे) ही दोन क्रियापदे अनियमित आहेत. काही क्रियापदे कोशातील रूपात सारखी दिसली तरी भिन्न गणांतील असतात. 'काएरु' याचा अर्थ 'परतणे' असता विनयरूप 'काएरिमासु' होते, तर 'बदलणे' असता 'काएमासु' होते.

'असणे' या अर्थी दोन क्रियापदे आहेत. माणसे व प्राणी यांसाठी 'इरु' आणि वस्तू व वनस्पती यांसाठी 'आरु' वापरतात. मराठीत हा भेद नाही.

'ते' रूप आणि संयुक्त क्रियापदे

धातूला 'ते' (किंवा ध्वनिबदलाने 'दे') लावून होणारे रूप मराठीतील 'ऊन' प्रत्ययान्त रूपाशी जुळते. 'काकु' पासून 'काइते' (लिहून), 'योमु' पासून 'योंदे' (वाचून), 'मात्सु' पासून 'मात्ते' (थांबून, वाट पाहून) व 'हानासु' पासून 'हानाशिते' (बोलून) अशी रूपे होतात. मराठीत 'उठून, तोंड धुऊन, शाळेत गेला' असे म्हणतात, तशीच क्रियांची मालिका जपानीत 'ते' रूपांनी गुंफली जाते.

याच रूपापुढे दुसरे क्रियापद जोडून अर्थाच्या छटा व्यक्त केल्या जातात, आणि येथे दोन्ही भाषांतील साम्य लक्षणीय आहे. 'ताबेते मिरु' म्हणजे 'खाऊन पाहणे'. 'मिरु' चा मूळ अर्थही 'पाहणे' असाच आहे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे 'खाऊन टाकणे', तर 'कात्ते ओकु' म्हणजे 'विकत घेऊन ठेवणे'.

'ते इरु' ही रचना मात्र फसवी आहे. 'योंदे इरु' म्हणजे 'वाचत आहे'. परंतु 'शिंदे इरु' म्हणजे 'मरत आहे' असे नव्हे, तर 'मेलेला आहे'. क्षणात पूर्ण होणाऱ्या क्रियांत ही रचना क्रियेनंतरची स्थिती दाखवते. त्यामुळे 'केक्कोन शिते इरु' याचा अर्थ 'लग्न करत आहे' असा नसून 'विवाहित आहे' असा होतो.

प्रयोजक, शक्य व कर्मणी रूपे

'योमु' पासून 'योमासेरु' (वाचायला लावणे) हे प्रयोजक, 'योमेरु' (वाचता येणे) हे शक्य आणि 'योमारेरु' (वाचले जाणे) हे कर्मणी रूप होते. मराठीतील 'पडणे–पाडणे', 'तुटणे–तोडणे' यांसारख्या अकर्मक-सकर्मक जोड्या जपानीतही विपुल आहेत: 'ओचिरु–ओतोसु' (पडणे–पाडणे), 'किरेरु–किरु' (तुटणे–कापणे).

जपानी कर्मणी प्रयोगाचा एक विशेष म्हणजे तो अकर्मक क्रियापदापासूनही होऊ शकतो, आणि तेव्हा त्यात बहुधा त्रास झाल्याचा भाव असतो. 'आमे नि फुरारेता' याचे शब्दशः मराठी करता येत नाही. 'पावसाने गाठले आणि पंचाईत झाली' असा त्याचा आशय आहे.

विशेषणे

विशेषणांचे दोन प्रकार आहेत. 'इ' अन्ती विशेषणे क्रियापदाप्रमाणे काळ व नकार स्वतःच धारण करतात: 'ताकाइ' (उंच किंवा महाग आहे), 'ताकाकुनाइ' (महाग नाही), 'ताकाकात्ता' (महाग होते), 'ताकाकुनाकात्ता' (महाग नव्हते). दुसरा प्रकार नामासारखा असून पुढे नाम आल्यास मध्ये 'ना' घेतो: 'शिझुका ना हेया' (शांत खोली). 'किरेइ' (सुंदर, स्वच्छ) हा शब्द 'इ' ने संपत असूनही दुसऱ्या प्रकारातील आहे. भूतकाळात 'ताकाइ देशिता' असे म्हणणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. शुद्ध रूप 'ताकाकात्ता देसु' असे आहे.

गणनावाचक शब्द

संख्या सांगताना वस्तूच्या प्रकारानुसार निराळा गणनावाचक शब्द जोडावा लागतो. माणसांसाठी 'निन', कागदासारख्या सपाट वस्तूंसाठी 'माइ', लांबट वस्तूंसाठी 'होन', पुस्तकांसाठी 'सात्सु', वाहने व यंत्रांसाठी 'दाइ' आणि लहान प्राण्यांसाठी 'हिकि' हे शब्द येतात. मराठीतही 'तीन जण', 'चार ताव कागद' असे प्रयोग आहेत. परंतु जपानीत ते बहुतांशी अनिवार्य आहेत. जोडताना ध्वनीही बदलतात: 'इप्पोन' (एक), 'निहोन' (दोन), 'सांबोन' (तीन). एक व दोन माणसांसाठी 'हितोरि' आणि 'फुतारि' असे स्वतंत्र शब्द आहेत.

गौण वाक्ये

नामाचे वर्णन करणारे वाक्य जपानीत नामाच्या आधी येते. मराठीतील 'जो–तो' अशी संबंधी सर्वनामांची जोडी नसते. 'किनोऽ कात्ता होन' म्हणजे 'काल घेतलेले पुस्तक'. मराठीत त्यासाठी 'घेतले' याचे 'घेतलेले' असे धातुसाधित करावे लागते. जपानीत 'कात्ता' हे साधे भूतकाळी रूपच नामापूर्वी ठेवतात.

दुसऱ्याचे बोलणे सांगताना 'तो' हे अव्यय मराठीतील 'असे' किंवा 'म्हणून' प्रमाणे वापरतात. 'आशिता कुरु तो इइमाशिता' म्हणजे 'उद्या येतो असे म्हणाला'. अटीसाठी 'बा', 'तारा', 'तो' व 'नारा' अशा चार रचना असून मराठीतील एकट्या 'तर' ने व्यक्त होणारा अर्थ त्यांत विभागला गेला आहे. ऋतुचक्रासारखी न चुकणारी गोष्ट 'तो' ने सांगतात, तर समोरच्याचे म्हणणे गृहीत धरून सल्ला द्यायचा असल्यास 'नारा' वापरतात.

अध्याहृत पदे आणि देण्या-घेण्याची क्रियापदे

संदर्भावरून कळणारी पदे जपानीत उच्चारली जात नाहीत. मराठीतही 'जेवलास का?' या प्रश्नात 'तू' म्हणावे लागत नाही. परंतु तेथे कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययातून कळतो. जपानी क्रियापदात पुरुषवाचक प्रत्यय नसूनही सहसा गोंधळ होत नाही, कारण कर्त्याची ओळख अनेकदा नात्याच्या व्याकरणातून पटते.

'देणे' या अर्थाची क्रियापदे याचे उत्तम उदाहरण होत. बोलणाऱ्याने किंवा त्याच्या बाजूच्या माणसाने दुसऱ्याला देणे म्हणजे 'आगेरु'. दुसऱ्याने बोलणाऱ्याला किंवा त्याच्या बाजूच्या माणसाला देणे म्हणजे 'कुरेरु'. आणि दुसऱ्याकडून मिळणे म्हणजे 'मोराउ'. 'हाहा गा कुरेता' या वाक्यात 'मला' हा शब्द नाही, तरी आईने आपल्याला दिले असाच अर्थ होतो. हीच क्रियापदे 'ते' रूपापुढे येऊन उपकाराची दिशा दाखवतात. 'ओशिएते कुरेता' म्हणजे केवळ 'शिकवले' नव्हे, तर 'माझ्यासाठी शिकवले' आणि त्याबद्दल बोलणाऱ्याला कृतज्ञता वाटते. ज्या ठिकाणी मदत झाली तेथे 'कुरेरु' गाळून नुसते 'ओशिएता' म्हटले, तर वाक्य अशुद्ध ठरत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ते रुक्ष वाटते.

आदरार्थी भाषा

आदरार्थी भाषेला जपानीत 'केइगो' म्हणतात. तिचे परंपरेने तीन भाग मानले जातात. 'तेइनेइगो' ही ऐकणाऱ्याविषयीची विनयशील भाषा असून ती 'देसु' व 'मासु' या रूपांनी ओळखली जाते. 'सोन्केइगो' मध्ये दुसऱ्याच्या क्रियेला मोठेपणा दिला जातो. 'केन्जोऽगो' मध्ये स्वतःच्या क्रियेला कमीपणा घेतला जातो. जपानच्या सांस्कृतिक परिषदेने २००७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हे वर्गीकरण पाच भागांत करण्यात आले.

अनेक नित्य क्रियापदांना यासाठी स्वतंत्र शब्द आहेत:

• जाणे, येणे – साधे 'इकु', 'कुरु', आदरार्थी 'इराश्शारु', नम्र 'माइरु'
• खाणे – साधे 'ताबेरु', आदरार्थी 'मेशिआगारु', नम्र 'इतादाकु'
• म्हणणे – साधे 'इउ', आदरार्थी 'ओश्शारु', नम्र 'मोऽसु'
• पाहणे – साधे 'मिरु'. आदरार्थी 'गोरान नि नारु'. नम्र 'हाइकेन सुरु'

'इराश्शाइमासु का' असे विचारले तर कर्ता सांगितला नसला तरी तो आदरणीय असा दुसरा कोणी आहे हे कळते. 'माइरिमासु' असे म्हटले तर जाणारा स्वतः बोलणारा किंवा त्याच्या बाजूचा माणूस असतो. मराठी क्रियापदाचा प्रत्यय जे पुरुषातून सांगतो, ते जपानी क्रियापद अशा प्रकारे नात्यातून सांगते.

मराठीतील आदरार्थी बहुवचन प्रायः व्यक्तीच्या मानाशी निगडित असते. वडिलांविषयी शेजाऱ्याशी बोलतानाही 'बाबा आले आहेत' असेच म्हणतात. जपानीत 'उचि' (आतले) आणि 'सोतो' (बाहेरचे) यांची सीमा महत्त्वाची ठरते. घरात वडिलांना 'ओतोऽसान' म्हणणारी व्यक्ती बाहेरच्या माणसापुढे त्यांचा उल्लेख 'चिचि' असा करते आणि त्यांच्या क्रियेसाठी नम्र रूप वापरते. कचेरीतील वरिष्ठाशी बोलताना आदरार्थी रूपे योजणारा कर्मचारी ग्राहकापुढे त्याच वरिष्ठाचा उल्लेख आदरवाचक 'सान' न लावता करतो. मराठी संस्कारात वाढलेल्या व्यक्तीला हा प्रकार उद्धटपणाचा वाटू शकतो. जपानी संकेतानुसार मात्र आपल्या माणसाला परक्यापुढे मोठेपणा देणे हेच अनुचित होय.

द्वितीयपुरुषी सर्वनामेही जपून वापरली जातात. 'आनाता' याचे भाषांतर 'तुम्ही' असे केले जात असले तरी शिक्षकांना किंवा वडीलधाऱ्यांना उद्देशून ते वापरत नाहीत. नाव किंवा 'सेन्सेइ' यांसारखे पद घेऊन बोलतात. स्वतःसाठीही 'वाताशि', 'बोकु', 'ओरे' असे पर्याय असून त्यांची निवड प्रसंग, वय व स्त्री-पुरुष भेद यांवर अवलंबून असते.

अभ्यासाचा इतिहास

जपानी व्याकरणाचा पहिला विस्तृत छापील ग्रंथ पोर्तुगीज जेझुइट जुआंव रोद्रिगेस यांनी लिहिला. तो १६०४ ते १६०८ या काळात नागासाकी येथे छापला गेला. जेझुइटांच्या जपानमधील कार्याचे गोवा हे महत्त्वाचे केंद्र होते. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ मध्ये जपानला पोहोचले, आणि १५९० मध्ये जपानमध्ये नेण्यात आलेला छापखानाही गोव्यामार्गे गेला होता.

एदो काळात जपानी विद्वानांनी स्वतंत्रपणे व्याकरणविचार विकसित केला. मोतोओरि नोरिनागा (१७३०–१८०१) यांनी प्राचीन काव्याच्या आधारे अव्यये आणि वाक्यान्त रूपे यांचा मेळ दाखवला. फुजितानि नारिआकिरा (१७३८–१७७९) यांनी शब्दजातींचे वर्गीकरण केले. नोरिनागांचे पुत्र मोतोओरि हारुनिवा (१७६३–१८२८) यांनी दृष्टी गमावल्यानंतरही क्रियापदांच्या गणांची पद्धतशीर मांडणी केली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओऽत्सुकि फुमिहिको यांनी पाश्चात्त्य व देशी पद्धतींचा समन्वय साधला. यामादा योशिओ यांचा व्याकरणग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाशिमोतो शिन्किचि (१८८२–१९४५) यांच्या विचारांवर जपानमधील शालेय व्याकरण आधारलेले आहे. जुनी ग्रांथिक भाषा दीर्घकाळ लेखनात टिकून होती. १९४६ च्या राज्यघटनेचा मसुदा बोलभाषेच्या व्याकरणानुसार लिहिला गेला, ही घटना या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मिकामि आकिरा (१९०३–१९७१) हे व्यवसायाने गणिताचे शिक्षक होते. पाश्चात्त्य व्याकरणातून घेतलेली 'उद्देश्य' ही संकल्पना जपानीला लागू पडत नाही, असे त्यांनी आग्रहाने मांडले. 'झोऽ वा हाना गा नागाइ' हे उदाहरणवाक्य त्यांच्या १९६० च्या ग्रंथाचे शीर्षकच होते. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य झाले नाहीत, तरी 'वा' विषयीचा आजचा विचार त्यांच्या लेखनाला वगळून करता येत नाही.

मराठी व जपानी यांतील साम्य

दोन्ही भाषांतील रचनासाम्य हे एकाच कुळातून उद्भवल्याचे चिन्ह नाही. मराठी ही इंडो-आर्य भाषा आहे, तर जपानीचे सिद्ध आप्तसंबंध रिऊक्यू बेटांतील भाषांशीच आहेत. जपानी व तमिळ यांचा संबंध ओऽनो सुसुमु (१९१९–२००८) यांनी मांडला होता, पण तो मत भाषाशास्त्रज्ञांत सर्वमान्य झाला नाही. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत नामानंतर येणारी अव्यये आणि नामापूर्वी येणारी वर्णनवाक्ये वारंवार आढळतात, त्यामुळे हे साम्य रचनाप्रकाराचे मानले जाते. टोकियो परिसरातील राष्ट्रीय जपानी भाषा व भाषाविज्ञान संस्थेतील प्रशांत परदेशी यांनी मराठी व जपानी यांचा तौलनिक अभ्यास केला आहे.

अध्ययन आणि परीक्षा

जपानमधील शाळांत शिकवले जाणारे व्याकरण आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे व्याकरण यांत परिभाषेचा फरक आहे. शालेय पद्धतीत प्रत्येक क्रियापदाची सहा आधाररूपे मानतात, तर परदेशी विद्यार्थ्यांना 'मासु' रूप, 'ते' रूप, 'नाइ' रूप अशा सोप्या नावांनी शिकवले जाते. 'मिन्ना नो निहोंगो' यांसारखी पाठ्यपुस्तके दुसऱ्या पद्धतीची आहेत.

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या असून एन-५ ही सर्वांत सोपी आहे. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे तिची केंद्रे आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे अध्यापन होते.

मराठी भाषक विद्यार्थ्याने शब्दक्रम, विभक्तिसदृश अव्यये आणि 'ऊन' रूपांसारख्या रचना यांबाबत मातृभाषेचा आधार निःशंक घ्यावा. 'वा' चा वापर, 'ते इरु' चा अर्थ, ऱ्हस्व-दीर्घ भेद आणि आदरार्थी रूपे यांबाबत मात्र तो आधार दिशाभूल करू शकतो. नकारात्मक प्रश्नांची उत्तरेही याच वर्गात मोडतात. 'इकिमासेन का' (जाणार नाही का?) असे विचारले असता न जाणारी व्यक्ती 'हाइ, इकिमासेन' (होय, जाणार नाही) असे उत्तर देते, तेथे 'हाइ' चा अर्थ 'आपण म्हणता ते बरोबर आहे' असा असतो. हाच प्रश्न निमंत्रण म्हणून केला असेल, तर 'हाइ, इकिमासु' म्हणजे 'हो, येतो' असे स्वीकाराचे उत्तर मिळते. दोहोंतील कोणते उत्तर योग्य, हे शब्दांवरून नव्हे, तर विचारणाऱ्याच्या हेतूवरून ठरते.